मुद्दा क्रमांक चौदा : निरंक

बाइंडरच्या हातून आजवर एकही काम सुटं राहिलं नव्हतं. अपवाद फक्त लग्नाचा. तेही त्रेचाळिसाव्या वर्षी जुळून आलं, आणि आलं ते थेट कपड्यांच्या कारखान्यातून. तिथे पॅटर्न कापणारी एक थाई बाई होती, सगळा कारखाना तिला मास्तरीण म्हणायचा. ती आपली नमुन्यांची वही शिवून घ्यायला त्याच्या दुकानात आली. वही तीन दिवसांत शिवून झाली, पण ती न्यायला मास्तरीण अकरा वेळा आली. यापलीकडचा इतिहास बाइंडर कुणाला सांगत नाही, तेव्हा आपणही विचारायचं कारण नाही.

एवढंच सांगायला हवं की त्याला तिची भाषा अजिबात येत नव्हती आणि तिला त्याची बोलायला अवघड जायची. लिहायला बरी जायची, कारण लिहिताना शब्द सापडेपर्यंत समोरचा तोंडाकडे बघत बसत नाही. कापलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांना बांधायच्या कारखान्याच्या चिठ्ठ्या तिच्या पिशवीत कायम असायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती गोल गोल अक्षरांत दोन ओळी लिहायची आणि निरोप दुकानाच्या फटीतून सरकवून जायची. बाइंडर उरलेल्या जागेत उत्तर लिहायचा, आणि पुढच्या भेटीत ती वाचून त्याच्याकडेच परत ठेवायची.

लग्न म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना हो म्हणणं, असा बाइंडरचा समज होता. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने तो पहिल्याच दिवशी दूर केला.

‘तुम्ही अविवाहित आहात याचा पुरावा?’

‘साहेब, लग्न झालं असतं तर त्याचा पुरावा असता. न झालेल्याचा कुठून आणू?’

‘दोन साक्षीदार आणा. जन्मापासून ओळखणारे. नातेवाईक चालणार नाहीत.’

नातेवाईक चालणार नाहीत हे बाइंडरच्या आईला पटलं नाही. ती दुसऱ्या दिवशी स्वतः कचेरीत गेली. ‘या मुलाचं लग्न होत नाही म्हणून वीस वर्षं मी ओळखीच्या-अनोळखीच्या प्रत्येकापाशी रडले,’ ती कारकुनाला म्हणाली. ‘माझे डोळे कोरडे झाले, आणि तुम्ही मला पुरावा विचारता?’ कारकून शांतपणे म्हणाला, ‘बाई, आई हितसंबंधी असते.’ आईने तो शब्द घरी येऊन तीन-चार वेळा उच्चारून पाहिला आणि ती शिवीच आहे असं ठरवून टाकलं. पुढे कितीतरी दिवस दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत जो चुकेल तो हितसंबंधी ठरत होता.

साक्षीदार म्हणून समोरच्या दारातले हेडक्लार्ककाका आपणहून पुढे झाले. छत्तीस वर्षं ते एका खात्यात होते. कुठल्या, ते इमारतीत कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण इतरांच्या कागदांत त्यांना निवृत्तीनंतरही भारी रस होता. उंटावरचा शहाणा निदान उंटावरून तरी बोलतो, काका बाइंडरच्याच खुर्चीत बसून बोलायचे. सही करायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘मी इथे राहायला आलो तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. त्याआधीची जबाबदारी मी कशी घेऊ?’

‘काका, सहा वर्षांच्या आत मी लग्न करीन?’

‘करशील असं मी म्हणत नाही. पण मी पाहिलेलं नाही.’

तेव्हा प्रतिज्ञापत्रात ‘वयाच्या सहाव्या वर्षापासून पुढे अर्जदाराने विवाह केल्याचे माझ्या पाहण्यात नाही’ असं वाक्य पडलं, आणि ते वाचून कारकुनाने पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मागितला. बाइंडर प्रसूतिगृहातल्या एका म्हाताऱ्या नर्सला शोधत शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. लसी टोचून घ्यायला तो तिच्याकडेच जायचा. ‘फार रडायचा,’ असं तिने कारकुनाला सांगितलं आणि सही केली. लग्नाशी या माहितीचा काय संबंध, ते बाइंडरला कळलं नाही, पण कारकुनाने ती लिहून घेतली.

मास्तरणीचा दाखला तिच्या जिल्ह्याहून आला, त्याचं भाषांतर झालं, त्यावर शिक्के बसले. कारकून तो वाचता वाचता थांबला. ‘जन्म सन दोन हजार पाचशे सव्वीस,’ तो म्हणाला. ‘बाईंचा जन्म व्हायला अजून पाचशे वर्षं आहेत.’ तिच्या देशात साल वेगळं मोजतात आणि भाषांतरकाराने ते तसंच उतरवलं होतं. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत नर्सच्या प्रतिज्ञापत्राची मुदत संपली. ते नवं केलं, तोवर काकांचं संपत आलं. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, तसं बाइंडरचं कागद वाहून कमी आणि चालून जास्त झालं. मास्तरणीच्या कामाच्या परवान्याचे सहा महिने उरले होते, त्यातले तीन असे गेले.

मग लग्नाची नोटीस. ती कचेरीच्या फलकावर तीस दिवस लागलेली असायला हवी. शिपायाने कोपऱ्याला गोंदाचा ठिपका लावून ती चिकटवली. तिसऱ्या दिवशी ती एका कोपऱ्यावर लोंबत होती, पाचव्या दिवशी नाहीशी झाली. कारकून म्हणाला, तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून.

आतापर्यंतचे अपमान बाइंडरने गिळले होते, पण वाईट चिकटवलेला कागद त्याच्याच्याने बघवेना. दुसऱ्या नोटिशीच्या वेळी तो घरून स्वतःची खळ घेऊन गेला. मोरचूद घातलेली, दोनदा गाळलेली, ज्या खळीने लावलेले पुठ्ठे आजोबांच्या काळापासून जागचे हलले नाहीत ती. कागद त्याने हाताने दाबून बसवला आणि कडा नखाने घोटल्या. तीस दिवस नोटीस तसूभर हलली नाही. एकतिसाव्या दिवशी ती काढून प्रकरणाला जोडायची होती, तेव्हाही ती हलली नाही. शिपायाने नखं लावली, पट्टी घातली, ओलं फडकं फिरवलं. ‘काय लावलंय हो याला?’ तो घामेघूम होऊन म्हणाला. ‘खळ,’ बाइंडर म्हणाला. त्या कचेरीत त्याची छाती फुगल्याचा हा एकमेव प्रसंग. शेवटी सुताराला बोलावून फलकाचा तेवढा चौकोन कापून घ्यावा लागला. त्या प्रकरणाला आजही फळीचा तुकडा जोडलेला आहे आणि ती फाइल कपाटात आडवी मावत नाही, असं शिपाई सांगतो.

लग्न सात मिनिटांत लागलं. त्यातली चार मिनिटं चालणारं पेन शोधण्यात गेली.

खरा घाट पुढेच होता. नवऱ्याबरोबर राहण्याचा व्हिसा मागायला एकोणीस मुद्द्यांची यादी मिळाली आणि अर्ज द्यायची तारीख मिळाली ती नेमकी मास्तरणीचा परवाना संपण्याच्या दिवसाची, शुक्रवारची. त्या दिवशी अर्ज खिडकीतून आत गेला तर निकाल लागेपर्यंत तिला राहता येणार होतं. नाही गेला तर रविवारचं विमान, आणि पुढची तारीख पाच महिन्यांनी.

‘पाच महिने म्हणजे काही फार नाही,’ हेडक्लार्ककाका समजूत घालत म्हणाले. ‘तेवढ्यात फार तर कारखाना दुसरी मास्तरीण ठेवील आणि तिकडे तिची आई दुसरा जावई बघील.’

बाइंडर घाबरला होता. आजवर तो एकटाच होता आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता रविवारी रिकाम्या दुकानात परत यायचं, हा विचार आला की त्याच्या हातातली सुई तशीच राहायची.

यादीतले तेरा मुद्दे निभावले. चौदाव्याला काकांनी चष्मा पुसला. ‘उभयतांमधील पत्रव्यवहार,’ त्यांनी मोठ्याने वाचलं. ‘आहे?’

बाइंडरच्या मते पत्र म्हणजे वर तारीख, डाव्या बाजूला प्रति, खाली आपला नम्र. ‘नाही,’ तो म्हणाला.

‘एकही नाही? अरे, पत्रव्यवहार नसलेलं प्रकरण मंजूर झालेलं मी छत्तीस वर्षांत पाहिलं नाही. करून टाकू. तू तिला लिही, ती तुला लिहील, मी जावक क्रमांक टाकतो. मागच्या तारखा घालू.’

‘खोटं नको, काका. खोटं शिवता येत नाही मला.’

‘मग मोकळं तरी सोडू नकोस. मोकळी जागा साहेबाच्या डोळ्यांत खुपते. निरंक लिही.’ आणि त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात, अख्ख्या पानाच्या मध्यभागी ‘निरंक’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. पुढे म्हणाले, ‘आणि एक लक्षात ठेव. सुटे कागद कधी कचेरीत द्यायचे नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी माणसांचे कागद पंख्याने उडालेत.’

एवढं वाक्य बाइंडरला पुरे होतं. जे वाक्य ऐकून दुसरा माणूस टाचणी आणेल, ते ऐकून त्याने दुकानाचं दार लावून घेतलं. एकशे त्रेसष्ट कागद होते. मूळ कागदाला सुई लागू नये म्हणून प्रत्येकाच्या कडेला त्याने पातळ कागदाची पट्टी चिकटवली आणि शिलाई त्या पट्टीतून घेतली. वर जाड पुठ्ठा, पाठीला आणि कोपऱ्यांना चामडं, आत खूण ठेवायला रेशमी फीत, आणि मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत ‘अर्ज’. पुस्तकाच्या पाठीत, चामड्याच्या आत, कागदाचं अस्तर घालतात. ते कधी कुणाला दिसत नाही, म्हणून बाइंडर लोक तिथे रद्दी वापरतात. जुन्या प्रश्नपत्रिका, गेल्या वर्षीची कॅलेंडरं. हे गुपित त्याने मास्तरणीलाही एकदा दाखवलं होतं. या वेळी त्याने रद्दीचा ढीग उचकला, परत ठेवला आणि कपाटातला वेगळाच एक डबा उघडला.

तयार पुस्तक बघून आईने ते डोळ्यांना लावलं. काका म्हणाले, ‘आता फक्त सही करायची बाकी ठेवली आहेस साहेबांना.’

शुक्रवारी बारा वाजता दोघं व्हिसाच्या कचेरीत पोचली. दारावरच्या रखवालदाराने बाइंडरच्या खिशातली कागद कापायची सुरी काढून घेतली. टोकन मिळालं, सत्तेचाळीस. काचेपलीकडच्या बाईंनी पुस्तक उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

‘हे काय आहे?’

‘अर्ज.’

‘आम्ही पुस्तकं घेत नाही. एकेक कागद मशीनमध्ये जातो. सुटे करून आणा.’

‘बाई, हे सुटं होणार नाही. होऊ नये असंच शिवलंय.’

‘खिडकी दीडला बंद होते,’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी टोकन परत सरकवलं.

बाइंडर भिंतीजवळच्या बाकावर येऊन बसला. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मांडीवर, आणि त्याच कामामुळे बायको रविवारी जाणार. त्याला रडू आलं असतं, पण लोक होते. मास्तरणीने पिशवीतून पेनासारखं टोपण असलेलं काहीतरी काढलं. शिलाई उसवायची बारीक सुरी होती ती, दारावर पेन म्हणून सुटलेली. तिने पुस्तक त्याच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि मधलं पान उघडून दोऱ्याला टोक लावून पाहिलं.

‘घट्ट,’ ती म्हणाली.

‘मग काय सैल शिवू?’

‘कपड्यात आम्ही जागा सोडतो. माणूस जाड होतं.’

‘पुस्तक जाड होत नाही.’

‘तू गप्प.’

आतून दोरा निघेना, तेव्हा तिने पुस्तक पालथं घातलं आणि पाठीच्या चामड्याला सुरी लावली. बाइंडरने तोंड फिरवून समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचायला सुरुवात केली. चामडं सुटल्याचा आवाज आला, पुठ्ठा बाजूला झाला, आणि मग सुरी थांबली. त्याने वळून पाहिलं. तिच्या हातात अस्तराचा पट्टा होता. एकावर एक चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आणि त्यांवर तिचीच गोल गोल अक्षरं.

‘पाठीत रद्दी घालतात,’ ती म्हणाली. ‘तू सांगितलं.’

‘अगं, हो, पण या रद्दी म्हणून नाही घातल्या.’

‘मग?’

असा प्रश्न बाइंडरला त्रेचाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता आणि उत्तर त्याला कुठल्याच भाषेत बोलता येत नव्हतं. हाताशी दुसरा कागद नव्हता. त्याने टोकनच्या मागे काहीतरी लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने ते न वाचता घडी घालून मुठीत ठेवलं, पट्टा मांडीवर ठेवला आणि दोरे उसवायला लागली. एकदाही मान वर केली नाही. दोरा सटासट तुटत होता, पण एकाही कागदाला ओरखडा गेला नाही. बाइंडर पट्ट्या कापून कागद लावत गेला. त्यासाठी काढून घेतलेली सुरी रखवालदाराकडेच परत मागावी लागली, आणि त्याने ती बाजूला उभं राहून वापरू दिली.

एक वाजून वीस मिनिटांनी एकशे त्रेसष्ट सुटे कागद खिडकीत होते.

‘टोकन?’ बाई म्हणाल्या.

मास्तरणीने मुठीतली घडी दिली. बाईंनी ती उलगडली. समोर माइक चालू होता, आणि समोर आलेला कागद मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती.

‘पुस्तक पाठीवर उभं राहतं,’ सगळ्या खोलीला ऐकू गेलं. ‘म्हणून सगळ्यात चांगला कागद पाठीत घातला. माझ्याकडे याहून चांगला नाही.’ बाई थांबल्या. त्यांनी कागद उलटून नंबर पाहिला. ‘सत्तेचाळीस. बरोबर आहे.’

खोलीतल्या पंचवीस-तीस माणसांनी बाइंडरकडे पाहिलं. बाइंडर आपल्या चपलांकडे बघत होता. मास्तरीण त्याच्याकडे बघत होती, पण हे त्याला दिसलं नाही.

बाई कागद मशीनमध्ये घालत गेल्या. चौदाव्या मुद्द्यापाशी हात थांबला. ‘इथे निरंक लिहिलंय.’

‘निरंक म्हणजे?’ मास्तरणीने विचारलं.

‘म्हणजे काही नाही. तुमच्या दोघांत पत्रव्यवहार काही नाही. मग अर्ज घेता येणार नाही मला. पाच महिन्यांनी या.’

‘काही नाही?’ मास्तरीण बाइंडरला म्हणाली. आता मात्र तिचा आवाज चढला. ‘तू लिहिलं, काही नाही?’ आणि तिने तो पट्टा काचेखालून आत ढकलला.

बाईंनी एक चिठ्ठी नखाने सोडवली. ही खळ नुसती टेकवलेली होती, फलकावरची नव्हे. ‘उद्या चार वाजता. छत्री आण, तू मागच्या वेळी विसरला,’ त्या वाचायला लागल्या. खाली दुसरं अक्षर. ‘छत्री आहे. मोडकी आहे. दोघांत चालेल.’ दुसरी चिठ्ठी. ‘हाताला चामड्याचा वास. धुऊन ये.’ ‘तीन वेळा धुतले.’ ‘चार वेळा धू.’ तिसरीवर नुसतं एका वाकड्या दाराचं चित्र होतं आणि खाली, ‘आज दुकान बंद का? मी उभी होते.’ ‘ताप होता. तू उभी होतीस हे ऐकून उतरला.’

मागून कुणीतरी हसलं. बाईंचा माइक बंद करायचा राहिलाच होता. आतून त्यांचे साहेब आले, चिठ्ठ्या हातात घेऊन दोनचार त्यांनीही वाचल्या, आणि साहेबाला शोभेल असा चेहरा पुन्हा जुळवला.

‘तारीख कुठे आहे? तारखेशिवाय पत्रव्यवहार धरत नाहीत.’

मास्तरणीने काचेवर बोट आपटून सांगितलं, ‘मागे बघा.’

साहेबांनी चिठ्ठी उलटली. गठ्ठ्याची चिठ्ठी ती. कारखान्याचा शिक्का, छापलेला अनुक्रमांक आणि दिनांक. एकतीसच्या एकतीस चिठ्ठ्यांवर. पहिली दोन वर्षांपूर्वीची आणि शेवटची गेल्या मंगळवारची. शेवटी बाईंनी टोकनही त्यांवर ठेवलं. ‘हे बत्तिसावं. आजच्या तारखेचं.’

एक अठ्ठावीसला पावतीवर शिक्का पडला. ‘मूळ प्रती इथेच राहतील,’ साहेब म्हणाले. बाइंडरने त्यांना एवढंच विचारलं, की भोक तर पाडणार नाही ना. त्यांनी न पाडण्याचं कबूल केलं.

घरी आईने आधी सुनेला जवळ घेतलं आणि मग मुलाला फैलावर घेतलं. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन वर्षं डबा कपाटात, आणि हा म्हणतो पत्र नाही.’ हेडक्लार्ककाकांना अनुक्रमांकाचं कळलं तेव्हा ते हलून गेले. ‘जावक क्रमांकासह प्रेम,’ ते परत परत म्हणत राहिले. ‘छत्तीस वर्षांत पाहिलं नाही.’ मग त्यांनी ते सोनेरी अक्षरांचं पुस्तक मागितलं. बाइंडरने नुसते पुठ्ठे पुढे ठेवले. पाठ उघडी होती, आत एक पान नव्हतं, फीत तेवढी लोंबत होती. इतकं केविलवाणं काम त्याच्या दुकानातून कधी बाहेर पडलं नव्हतं, आणि तो ते रद्दीत टाकायला उठला.

मास्तरणीने त्याच्या हातातून ते घेतलं. पिशवीत कारखान्याच्या शेवटच्या थोड्या चिठ्ठ्या उरल्या होत्या. तिने एक काढली, शब्द सापडेपर्यंत वेळ घेतला, लिहिली आणि पुठ्ठ्यात ठेवून त्याच्यापुढे सरकवली. बाइंडरने वाचली आणि खळीचं भांडं पुढे ओढलं.

तिने लिहिलं होतं, ‘पान एक. पाठीत नाही. आत.’